एकच खडक किती वर्षे पुरतो?

प्रश्न परभणीहून आला आहे. विचारणारी तरुण चित्रकार दोन वर्षांपूर्वी हरिहरेश्वरला गेली होती. तिथल्या, लाटांनी कोरलेल्या कातळाने तिला असे धरून ठेवले की तेव्हापासून तिने त्याच विषयावर साठेक चित्रे केली, आणि आता तिचा हात अडला आहे. तिचे म्हणणे थोडक्यात असे: ‘तीच तीच चित्रे होत आहेत. घरचे म्हणतात, समुद्र आपला नाही, आपल्या रानाची, दुष्काळाची चित्रे काढ. किनाऱ्यापासून इतक्या दूर राहून एकच आकार आयुष्यभर पुरेल का? पुरवायचा तर कसा?’

उत्तर आधी सांगते: पुरतो. मी संभाजीनगरला राहते, किनारा माझ्या घरापासून चारशे किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि याच कातळावर मी १९९४ पासून काम करते आहे. मधली तीन-चार वर्षे विषय पूर्ण सोडला होता, त्याबद्दल पुढे लिहीन. मात्र पुरण्याला एक अट आहे आणि तुम्ही पाठवलेली अकरा छायाचित्रे पाहिल्यावर ती सांगणे भाग आहे. अकराही चित्रांत क्षितिज कागदाच्या वरच्या तिसऱ्या भागात आहे, खडक उजवीकडे आहे, फेस पांढरा आहे आणि खडकाच्या कडांना नारिंगी ऊन लागलेले आहे. म्हणजे एका संध्याकाळी, एका जागी उभे राहून जे दिसले, ते अकरा वेळा आले आहे. असा देखावा फार तर आठ-दहा चित्रांपर्यंत साथ देतो. तुम्ही तो साठांपर्यंत ओढलात, यात तुमची चिकाटी दिसते. खडक मात्र त्यांत अजून आलेला नाही. तो कसा घडला हे हाताला कळल्याशिवाय तो येणारही नाही, आणि पुरवठ्याचा सगळा प्रश्न तिथेच अडकलेला आहे.

माझी सुरुवातही काही वेगळी नव्हती. हरिहरेश्वर हे सासरचे कुलदैवत. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी दोन जीपगाड्यांतून आम्ही चौदा माणसे दर्शनाला गेलो. काळभैरवाचे आणि हरिहरेश्वराचे दर्शन झाल्यावर प्रदक्षिणेला निघालो. डोंगराच्या खाचेतून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात आणि खाली गेल्यावर वाट एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी अशी उघड्या कातळावरून जाते. बाकीची मंडळी पुढे गेली आणि मी कड्याच्या पायथ्याशी बसून राहिले. प्रदक्षिणा अर्धी सोडू नये, हे सासूबाईंनी नंतर बरेच दिवस ऐकवले.

मी पाहत होते ती कमरेच्या उंचीवरची दगडातली जाळी. मधाच्या पोळ्यासारखे खळगे एकमेकांना लागून होते. काहींत मूठ मावेल, काहींत फक्त अंगठा. दोन खळग्यांमधली भिंत कुठे बोटाएवढी जाड, तर कुठे भाकरीच्या पापुद्र्याइतकी पातळ. काही भिंतींना आरपार भोके पडलेली. तोंड लहान आणि पोट मोठे, त्यामुळे आत अंधार आणि त्या अंधाराच्या तळाशी ओल. बोट आत घालून बाहेर काढले की बोटाला चार-दोन कण आणि खारटपणा लागत होता. कागद जवळ नव्हता, म्हणून घरी आल्यावर आठवणीने काढले आणि माहेरी गेल्यावर वडिलांना दाखवले. वडील गेवराई तालुक्यातले शेतकरी, दोन विहिरी खणलेले. ते चित्र उलटसुलट करून म्हणाले, ‘हा तर आपल्या विहिरीतला दगड. समुद्राचा कुठला?’

त्यांचे बरोबर होते. मी समुद्रावर पाहिलेली जाळी लहानपणापासून डोळ्यांत बसलेल्या दगडाच्या सवयीने काढली होती. एका अर्थी दगडही एकच होता. मराठवाड्याचा काळा पाषाण आणि हरिहरेश्वरचा कडा हे दोन्ही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. आपण सगळे त्याच दख्खनच्या बेसॉल्टवर राहतो. फरक खळग्यांच्या जन्मात आहे. विहिरीतल्या दगडाची भोके म्हणजे लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे. ती एकेकटी असतात, गोल किंवा लाव्हा वाहिला त्या दिशेने चेपलेली असतात, आणि पुष्कळदा पांढऱ्या गारगोटीने भरलेली किंवा आतून हिरव्या मातीचे अस्तर लागलेली असतात. समुद्रकाठची जाळी त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी झालेली आहे. लाटेचे तुषार दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतात, पाणी उडून जाते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि शेजारचे कण ढकलून सुटे करतात. एकदा लहानसा खळगा पडला की आत सावली राहते, सावलीत ओल टिकते, ओलीत मीठ अधिक काम करते, म्हणून खळगा तोंडाशी रुंदावण्यापेक्षा आत खोल जातो.

हे भूगोलाचे प्रकरण चित्रकाराला कशाला, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटत असे. पण त्याने रेघ बदलते. बुडबुड्याचे भोक काढताना तुम्ही भोकाची कड काढता. एक गोल, मग दुसरा गोल. मिठाने पडलेली जाळी काढताना भोके काढायचीच नसतात, मधल्या भिंती काढायच्या असतात, कारण उरलेला दगड तेवढाच आहे. रेघ एका भिंतीवरून निघते, फाटा फुटला की दुसरीवर जाते आणि कागदभर न तुटता फिरते. हे कळायला मला पाच वर्षे लागली आणि कळल्यानंतर पहिल्यांदा माझ्या चित्रातला दगड ठिसूळ दिसायला लागला. तुमच्या अकरा चित्रांत जिथे जाळी आहे तिथे ती गोल-गोल भोकांची आहे. परभणीच्या विहिरींनी तुमचाही हात धरला आहे, एवढाच याचा अर्थ.

दुसरी गोष्ट मला वेरूळमध्ये उमगली. शाळेच्या सहलींमुळे तिथे वर्षातून दोनदा तरी जाणे होई आणि मुलांना सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे वरून पाहायला डोंगरावर नेण्याचा माझा आग्रह असे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, तो अखंड डोंगर वरून खाली कोरत आणला गेला: आधी शिखर मोकळे झाले, पाया शेवटी. समुद्राचे काम बरोबर उलटे चालते. लाट कड्याच्या पायाशी मारते, पायाशी आडवी खाच पडते, खाच खोल गेली की वरचा भाग आधाराविना राहतो आणि एखाद्या पावसाळ्यात कोसळतो. कडा एक पाऊल मागे सरकतो आणि त्याचा घासून सपाट झालेला जुना पाया समोर उरतो. शाळेच्या पुस्तकात त्याला तरंगघर्षित मंच म्हणतात. प्रदक्षिणेची वाट ज्या कातळावरून जाते, तिथे पूर्वी कडा उभा होता.

त्या दिवसापासून मी कड्याचे चित्र कागदाच्या खालच्या कडेपासून सुरू करते. आधी खाच, तिची काळी आडवी पोकळी, मग तिच्यावर तोललेले वजन. वरची कड शेवटी, आणि पुष्कळदा ती कागदात मावतच नाही. क्षितिजाची गरजच पडत नाही. तुम्ही पुढची दहा चित्रे क्षितिजाशिवाय करून पाहा.

कातळाच्या सपाटीवर आणखी एक तिसऱ्या प्रकारचे खळगे आहेत: लाटेबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी घासून झालेले, गुळगुळीत, वाटोळे. पारनेरजवळ निघोजला कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत, त्यांचेच हे भाऊबंद. ते दिसायला सुंदर आहेत आणि म्हणूनच मी त्यांच्या वाटेला फारशी जात नाही. सुंदर गोष्ट काढताना माझा हात लाडात येतो.

आता ‘समुद्र आपला नाही’ याविषयी. हे मलाही ऐकावे लागले आहे, आणि ज्यांनी ऐकवले ते चुकीचे बोलत होते असे मी म्हणणार नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात, जालना-बीडकडे पाण्याची अतिशय वाईट अवस्था असताना, माझे चित्रप्रदर्शन लागले होते. एक वयस्कर गृहस्थ शांतपणे सगळी चित्रे पाहून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, ‘बाई, आम्ही टँकरची वाट बघतो अन् तुम्ही भिंतीवर एवढं पाणी टांगलंय.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तरी मी समुद्र सोडला. त्यानंतर भेगाळलेली जमीन, वठलेली झाडे, हंड्यांच्या रांगा असे पुष्कळ काढले. त्यातले एकही चित्र मी जवळ ठेवलेले नाही. दुःख खरे होते, चित्रे मात्र वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांवरून सुचलेली होती. त्या आकारांची घडण मला ठाऊक नव्हती, मी फक्त कर्तव्य केले होते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात मी माहेरी गेले होते. थोरली विहीर पूर्ण आटली होती. भावाने गाळ काढायला माणसे लावली होती आणि मी पायऱ्यांनी तळापर्यंत उतरले, आयुष्यात पहिल्यांदाच, कारण विहीर खणल्यापासून तिचा तळ त्याआधी कोणी पाहिलेला नव्हता. खालून वर पाहिले तर बांधकामाखालच्या उघड्या पाषाणावर आडवे पट्टे होते. पाणी जिथे जिथे बराच काळ टेकून राहिले, तिथे क्षाराची पांढरी रेघ उमटलेली. दोन रेघांमध्ये वाळलेल्या शेवाळाचा काळपट पट्टा. तळाजवळ अजून ओल, आणि ओलीत दगडाचा खरा निळसर काळा रंग. हरिहरेश्वरच्या कड्यावर मी वीस वर्षे हेच पट्टे मोजत होते: खाली हिरवे शेवाळ, त्यावर कालवांच्या शिंपल्यांची करडी-पांढरी खरखरीत पट्टी, त्यावर काळी, त्यावर उन्हाने तांबूस पडलेला कोरडा दगड. तिथे पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते आणि उधाणाला ते आपल्या विहिरीच्या मापाने सांगायचे तर दीड-दोन परस, म्हणजे दीड-दोन पुरुष उंच असते. इथे भरती पावसाळ्यात एकदा येते आणि ओहोटी आठ महिने चालते.

त्या विहिरीत बसून मी जे काढले ते समुद्राचे चित्र म्हणावे की दुष्काळाचे, हे मला सांगता येत नाही. त्यानंतर मात्र विषय पुन्हा सुटला नाही. तेव्हा घरच्यांना एवढेच सांगा की खडक आपलाच आहे, पाणी तेवढे वेगळे आहे.

दूर राहणाऱ्याला किनारा पेलतो का, यासाठी दोन परदेशी कलावंतांची उदाहरणे माझ्या उपयोगी पडली. शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यॉर्कशायरमधल्या वेकफिल्डची, म्हणजे समुद्रापासून आत असलेल्या गावची. वडिलांच्या मोटारीतून फिरताना पाहिलेल्या टेकड्यांचे आकार तिच्या अंगात मुरलेले होते. १९३९ मध्ये ती कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या सेंट आइव्हजला आली आणि १९७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिली. १९४६ चे तिचे ‘पेलागोस’ हे शिल्प एल्म लाकडाचे आहे: आत वळत गेलेली पोकळी, आतून फिकट निळा रंग, आणि पोकळीच्या दोन टोकांना जोडणाऱ्या ताणलेल्या दोऱ्या. त्यात लाट नाही, होडी नाही. खाडीने जमिनीला घातलेला विळखा तेवढा आहे. टेकड्यांवर वाढलेल्या माणसालाच किनाऱ्यात असा वळसा दिसला असावा, असे मला वाटते.

दुसरा फ्रेंच चित्रकार मोने. तो किनाऱ्यावरच्या ल हाव्रमध्ये वाढलेला, त्यामुळे आपल्यासारखा परका नव्हता. पण एत्रेताच्या खडूच्या कड्यांवर आणि त्यांतल्या नैसर्गिक कमानींवर त्याने १८८० च्या दशकात पन्नासहून अधिक चित्रे केली, आणि ती एकमेकांची नक्कल का वाटत नाहीत हे पाहण्यासारखे आहे. तो सारखी जागा बदलतो: कधी कड्याच्या माथ्यावरून, कधी थेट मान्पोर्त या मोठ्या कमानीच्या पायाशी, इतक्या जवळून की कमानीची एक बाजू चित्राबाहेर जाते. हवामान बदलले की तो अर्धे चित्र बाजूला ठेवून दुसरे घेत असे. नोव्हेंबर १८८५ मध्ये ओहोटी चालू आहे अशा समजुतीत तो त्याच कमानीखाली काम करत बसला आणि एका लाटेने त्याला कड्यावर आपटले. साहित्य वाहून गेले आणि रंगांची पाटी तोंडावर आपटून दाढी निळी-पिवळी झाली. ही हकीकत त्याने स्वतः पत्रात लिहिली आहे. मी ती सांगते ती गंमत म्हणून नव्हे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाटही भरतीला धोक्याची आहे आणि आपल्याकडच्या माणसाला पाण्याची वेळ अंगवळणी पडलेली नसते.

ती वेळ काढण्याची कोकणातली रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी. चित्रकाराला यातून आणखी एक हिशेब करावा लागतो, तो उन्हाचा. तिथला कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळचे ऊन त्याच्यावर समोरून पडते, खळग्यांच्या सावल्या पुसून टाकते आणि सगळ्याला तो नारिंगी रंग फासते. तुमची अकरा चित्रे कोणत्या तिथीच्या आसपासची असतील हे मी पंचांग न पाहता सांगू शकते. जाळी काढायची असेल तर अष्टमी-नवमी धरून जा. भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, ओहोटी असल्याने पाणी फार खाली जात नाही, पण कड्यासाठी तेवढे पुरते. भर दुपारी ऊन कड्याला घासून खाली उतरते आणि एकेका खळग्याच्या ओठाची सावली त्याच्या पोटात पडते. ते जेमतेम पाऊण तास टिकते. सपाटीचा अगदी खालचा, शेवाळाचा भाग हवा असेल तर पौर्णिमेनंतरच्या एक-दोन पहाटा.

रंगांबद्दल थोडक्यात. पेन्स ग्रे हा तयार करडा रंग पेटीतून काढून टाका. त्याने दगड सिमेंटचा दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना कागदावरच एकमेकांत सोडले की अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि आपोआप दगडाची रवाळ पोत येते. ओल्या दगडात निळा जास्त आणि किंचित व्हिरिडियन हिरवा, कोरड्यात सिएना जास्त. ओल्या रंगावर मीठ टाकून पोत काढण्याची युक्ती हल्ली सगळीकडे शिकवतात. खऱ्या मिठाने कोरलेल्या दगडाच्या चित्रात तरी ती नको, ती बर्फाच्या फुलांसारखी दिसते आणि दगडाशी तिचा काही संबंध लागत नाही. कागद ३०० ग्रॅमचाच घ्या. कोकणातल्या हवेत रंग वाळत नाही याची कल्पना ठेवा. चित्रे काढायला म्हणून गेले त्या पहिल्या खेपेला मी अठरा कागद अर्धवट ओले असताना एकावर एक ठेवून गाडीत बसले. माणगावपर्यंत त्यांची चवड चिकटून एक झाली होती. घरी उलटे होते. एप्रिलमध्ये आपल्याकडे कुंचला कागदावर टेकेपर्यंत रंग सुकतो, म्हणून मी ओल्या दगडाचे चित्र घरी फक्त पावसाळ्यात करते.

आणि बहुतेक काम घरीच होते, हे लक्षात घ्या. वर्षातले सहा-सात दिवस किनाऱ्यावर, बाकीचे इथे. तिथे मी पेन्सिलीने छोटी टिपणे करते, कागद दगडावर ठेवून शिसकांडीने ठसे घेते आणि बाजूला शब्दांत लिहिते: ‘भिंत इथे तुटली’, ‘मागच्या वर्षी इथे कड होती’. घरी आल्यावर महिनाभर ती वही उघडत नाही, आठवणीने मोठे चित्र करते आणि मग पडताळते. जिथे आठवण चुकलेली असते तिथेच पुढच्या वर्षीचे काम सापडते. छायाचित्रांवरून चित्र केले तर ही चूकच होत नाही आणि चूक झाली नाही तर परत जायला कारण उरत नाही. तुमचा हात अडण्याचे मोठे कारण मला त्या अकरा छायाचित्रांच्या मागे असलेली मोबाईलमधली तीन-चारशे छायाचित्रे हेच वाटते.

या उन्हाळ्यात भावाने विहीर आणखी एक परस खाली नेली. नव्या फोडलेल्या पाषाणात एक तांबडा थर लागला आहे आणि त्याखालच्या दगडातले बुडबुडे एका बाजूला चेपलेले आहेत, सगळेच्या सगळे पूर्वेकडे. पाणी भरायच्या आत ते काढून घेते आहे. त्यानंतर कार्तिक शुद्ध अष्टमी धरून, भाऊबीज उरकली की, मी हरिहरेश्वरला असेन. तुम्ही आलात तर कड्याच्या पायाशी बसायला जागा पुष्कळ आहे. मोबाईल मात्र पहिले दोन दिवस खोलीवर राहू द्या.